आईला सीआरटी बसवायचंय, डॉक्टर म्हणतात 'मॅपिंग करून लीड ठेवू', हे खरंच लागतं का?

कृष्णाकाठची

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं मोठं होईल पण कृपया पूर्ण वाचा, कारण आठ-दहा दिवसांत ठरवायचंय आणि घरात सगळे माझ्याकडेच बघतायत.

आई ६१ वर्षांची, कराडला असते, तीस वर्षं बालवाडी चालवली, दिवसभर उभी राहायची सवय. दोन वर्षांपूर्वी दम लागायला लागला, आधी वाटलं वजन वाढलंय, मग कुणी दमा सांगितला म्हणून चार महिने इनहेलर ओढला. गेल्या वर्षी गणपतीत पायावर सूज आली, बोट दाबलं की खड्डा राहायचा, आणि रात्री आडवं झालं की गुदमरून उठायची, तीन उशा लावून बसूनच झोपायची. तेव्हा इको केला तर पंपिंग २८ टक्के. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही. हृदयाचा स्नायूच ताणून मोठा झालाय म्हणाले, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, आणि ईसीजीत एलबीबीबी आहे, म्हणजे डाव्या बाजूला करंट नेणारा रस्ता अडलाय, क्यूआरएस १६४.

आठ महिने चारही औषधं चालू आहेत, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन. फरक पडलाय, सूज उतरली, तीन उशांवरून एकीवर आली. पण इको परत केला तर ईएफ, म्हणजे तेच पंपिंग, ३० आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणताना अजून दोनदा थांबते, एकदा विजेच्या खांबापाशी आणि एकदा आमच्याच गेटला हात टेकून. गेटपाशी थांबते ते मला जास्त लागतं, घर दिसतंय पण पोचता येत नाही.

आता पुण्यातल्या एका डॉक्टरांनी सीआरटी-पी, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारा पेसमेकर, बसवायला सांगितलंय. सेकंड ओपिनियनला दुसरीकडे गेलो तर तेही म्हणाले बसवाच, पण आम्ही डाव्या बाजूची लीड, म्हणजे पेसमेकरची तार, अंदाजाने ठेवत नाही, मॅपिंग करून ठेवतो. नीट विचारायला हवं होतं, पण बाहेर वीस पेशंट बसलेले, मला सुचलंच नाही काही. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले हे बिल वाढवायचे प्रकार आहेत, पेसमेकर तो पेसमेकर. मला तसं वाटत नाही पण उत्तरही देता येत नाही.

तर मॅपिंग म्हणजे नक्की काय करतात? लीड दोन सेंटीमीटर इकडेतिकडे गेली तर एवढं काय बिघडतं? आणि आईचं क्रिएटिनिन १.५ आहे, एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून देतात तो डाय जास्त दिला तर किडनीला त्रास होईल का ही पण भीती आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कॅथलॅब_१४वर्षं

ताई, मी डॉक्टर नाही, कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे, टेबलाच्या या बाजूला उभं राहून जे रोज बघतो ते सांगतो.

आधी आईंचा ईसीजीचा कागद काढा आणि समोर घ्या. त्यावर बारीक चौकोन असतात, नेहमीच्या स्पीडला एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. नॉर्मल माणसाचा क्यूआरएस, म्हणजे ती उंच टोकदार रेघ, अडीच चौकोनांच्या आसपास आटपते. आईंचा १६४ म्हणजे चार चौकोनांच्या थोडा पुढे जातो. व्ही६ किंवा एव्हीएल लिहिलेल्या ठिकाणी बघा, टोक एक न दिसता वर खाच पडलेली, रुंद, घडी घातल्यासारखी दिसेल. हृदयाच्या उजव्या बाजूला करंट वेळेवर पोचतो आणि डाव्या बाजूची बाहेरची भिंत उशिरा जागी होते. मधला पडदा आकुंचन पावतो तेव्हा बाहेरची भिंत सैल असते, आणि ती आवळायला लागते तोवर पडदा सैल व्हायला लागलेला असतो. दोन माणसांनी ओली चादर पिळायची आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी पीळ द्यायचा, तसं. पाणी निघतच नाही.

सीआरटीमध्ये तीन तारा असतात. एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या खालच्या कप्प्यात, आणि तिसरी डाव्या बाजूसाठी. तिसरीसाठीच सगळा खटाटोप. ती डाव्या कप्प्याच्या आत नाही जात, हृदयाच्या बाहेरून ज्या शिरा फिरतात त्यातून जाते. उजव्या वरच्या कप्प्यात कोरोनरी सायनस नावाचं एक तोंड असतं, त्यातून आत शिरायचं, बलून फुगवून डाय मारायचा की शिरांचं झाड स्क्रीनवर दिसतं, आणि मग बाजूच्या किंवा मागच्या-बाजूच्या फांदीत लीड सरकवायची. सगळं भूल न देता, कॉलर बोनच्या खाली जागा बधिर करून, दोन-तीन तास धरून चाला.

आता तुमचा प्रश्न, दोन सेंटीमीटरने काय होतं. जी भिंत सगळ्यात उशिरा जागी होते तिथेच लीड पडली तर मशीन तिला वेळेवर उठवतं आणि दोन्ही बाजू एकत्र पिळतात. लीड जर अशा जागी पडली जिथे करंट आधीच लवकर पोचत होता तर तुम्ही जाग्या माणसालाच परत हाक मारताय, उशीर होणारी जागा उशिराच राहते. आणि हे एक्स-रेवर दिसत नाही. एक्स-रेवर शीर दिसते, लीड दिसते, करंट कधी पोचला ते नाही दिसत.

मॅपिंग म्हटलं की लोकांना मोठं मशीन वाटतं पण सगळ्यात साधं मॅपिंग कुठल्याही लॅबमध्ये होतं. लीड शिरेत ठेवल्यावर तिच्या टोकाचा सिग्नल आणि बाहेरचा ईसीजी एकाच स्क्रीनवर लावायचे. ईसीजीत क्यूआरएस सुरू झाला तिथे एक कॅलिपरची रेघ, लीडच्या सिग्नलचं पहिलं मोठं टोक आलं तिथे दुसरी. मधलं अंतर म्हणजे क्यूएलव्ही. ६० मिलिसेकंद आलं तर सर नकारार्थी मान हलवतात, लीड काढून दुसऱ्या फांदीत. ११०-१२० आलं की सगळे श्वास सोडतात. याला वेगळं सामान नाही लागत, लागतात ती पाच-दहा मिनिटं आणि ते करायची सवय.

मोठं मॅपिंग म्हणजे थ्री-डी सिस्टिम, कार्टो किंवा एनसाइट. छाती-पाठीला पॅच लावतात, मग शिरांमध्ये एक बारीक गाईडवायर फिरवतात जिचं फक्त टोक उघडं असतं, बाकी वर कव्हर. ते टोक प्रत्येक फांदीत जिथे जिथे टेकतं तिथला वेळ नोंदला जातो आणि स्क्रीनवर रंग भरत जातो, लाल म्हणजे आधी जागं झालेलं, जांभळं म्हणजे सगळ्यात उशिरा. जांभळ्यात शीर जाते का बघायचं आणि तिथे लीड. यात एक्स-रे आणि डाय दोन्ही कमी लागू शकतात, कारण वायर कुठे आहे ते सिस्टिमवर दिसतच असतं. क्रिएटिनिन १.५ आहे तर हे तुम्ही स्वतःहून बोला त्यांच्याशी, आधीच सांगितलं की सलाईन, डायचं प्रमाण सगळं तसं ठरवतात.

पॅचचे आणि सिस्टिमचे पैसे वेगळे लागतात हे खरं आहे, ते लेखी एस्टिमेटमध्ये मागा, संकोच करू नका.

गोदाकाठ

ताई तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या वडिलांचं सांगतो.

बाबांना ६६ व्या वर्षी सीआरटी बसवलं. एलबीबीबी, ईएफ २५, सगळं तुमच्या आईसारखंच. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांनी मनापासून केलं असेल, पण ऑपरेशन झाल्यावर आम्हाला एवढंच सांगितलं की लीड बसली, सक्सेसफुल. आम्ही पेढे वाटले. मग सहा महिने आम्ही वाट बघतोय की आज बरं वाटेल, उद्या वाटेल. बाबा स्वतः म्हणायचे की मशीन बसवूनही मीच कमी पडतोय, व्यायाम कमी होतोय माझा. हे ऐकून आईला रडू यायचं. इको केला, ईएफ २५ चा २६.

एका भाच्याने ओळखीतून दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवला, दोन बाजूंनी काढलेला. त्यांनी पेन घेऊन दाखवलं, ही डावी लीड बघा, हृदयाच्या अगदी खालच्या टोकाला गेलीय, एपेक्सला, आणि उजवी लीड पण तिथेच आसपास. दोन तारा एकमेकींच्या इतक्या जवळ की मशीन दोन ठिकाणांहून नाही, जवळजवळ एकाच ठिकाणाहून धक्का देतंय. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की 'लीड बसली' आणि 'लीड योग्य जागी बसली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

परत सगळं केलं, दीड वर्षाने. जुनी लीड तशीच ठेवून नवीन घातली, त्या वेळी त्यांनी शिरांमधून वायर फिरवून बघितलं, मागच्या बाजूच्या एका वाकड्या फांदीत सगळ्यात उशीर सापडला, तिथे घातली. चार महिन्यांत ईएफ ३४. बाबा आता पंचवटीत सकाळी फिरायला जातात, हळू जातात पण जातात. पण ते दीड वर्ष परत नाही मिळत, आणि दुसऱ्यांदा कापताना इन्फेक्शनची जी भीती असते ती आम्ही पंधरा दिवस रोज बँडेजकडे बघत काढली.

भाऊजींना सांगा, पेसमेकर तो पेसमेकर नसतो. आणि ऑपरेशननंतर दोन बाजूंचा छातीचा एक्स-रे आणि नवीन ईसीजी, दोन्हीच्या कॉपी घेऊन फाईलला लावा. आम्ही ते मागितलं असतं तर सहा महिने आधी कळलं असतं.

विदर्भ_हार्टडॉक

मी इलेक्ट्रोफिजिओलॉजीत काम करतो. रिपोर्ट आणि पेशंट बघितल्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही, पण यामागचं तत्त्व सांगतो, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांशी बोलताना सोपं जाईल.

पहिलं, आईंच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. खरा एलबीबीबी, क्यूआरएस १५० च्या वर, ब्लॉक नाहीत, ईएफ ३५ च्या खाली, औषधं पूर्ण देऊन झाली, आणि बाई आहेत. स्त्रियांना सीआरटीचा फायदा पुरुषांपेक्षा जास्त दिसतो हे अभ्यासांत वारंवार आलंय. डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं यंत्र, नसलेल्या साध्या सीआरटीनेही जीव वाचतात, २००५ च्या केअर-एचएफ अभ्यासात ८१३ पेशंट होते, फक्त औषधं घेणाऱ्यांत ३० टक्के दगावले आणि सीआरटीवाल्यांत २० टक्के. त्यामुळे बसवायचं की नाही यावर फार घोळ घालू नका.

दुसरं, तरीही साधारण तीनातल्या एकाला हवा तसा फायदा होत नाही, आणि ज्या कारणांवर आपला हात चालतो त्यात लीडची जागा पहिल्या रांगेत आहे. गोदाकाठ यांनी एपेक्सचं लिहिलंय ते एकट्या त्यांच्या बाबांचं नाही. मॅडिट-सीआरटी नावाच्या अभ्यासातल्या पेशंटचं २०११ मध्ये विश्लेषण झालं त्यात डावी लीड एपेक्सला असलेल्यांचं हार्ट फेल्युअर आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, पुढची भिंत, बाजूची, मागची यांच्यात मात्र मोठा फरक नव्हता. म्हणजे ढोबळ नियम झाला की टोकाला नको. पण ढोबळ नियम पुरत नाही, कारण एलबीबीबी सगळ्यांचा सारखा नसतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २००४ मध्ये ऑरिकियो आणि सहकाऱ्यांनी डाव्या कप्प्याच्या आत मॅपिंग करून दाखवलं की एलबीबीबीत करंट पडद्यातून डावीकडे आल्यावर सरळ बाजूच्या भिंतीकडे जात नाही. मध्ये एक अडथळ्याची रेघ असते, ती ओलांडता येत नाही म्हणून तो टोकाकडून वळसा घालून, इंग्रजी यू अक्षरासारखा, बाजूच्या आणि मागच्या भिंतीवर पोचतो. घाटात दरड कोसळली की गाड्या खालच्या गावातून फिरून येतात तसं. आता ती रेघ कुणाची पुढे असते, कुणाची बाजूला, कुणाची लांब, कुणाची आखूड. म्हणून सगळ्यात शेवटी जागी होणारी जागा एकाच्या बाजूच्या भिंतीवर वर, तर दुसऱ्याच्या मागे खाली. एक्स-रेत दोघांच्या शिरा सारख्याच दिसतील. हे फक्त मोजूनच कळतं.

मोजण्याच्या पद्धती अनेक. टेक्निशियन दादांनी क्यूएलव्ही अगदी बरोबर सांगितला. २०११ मध्ये स्मार्ट-एव्ही अभ्यासातल्या ४२६ पेशंटमध्ये तो तपासला, ९५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर असलेल्या जागी ज्यांची लीड होती त्यांचं हृदय जास्त आकसलं, म्हणजे ताणलेलं होतं ते मूळ आकाराकडे वळलं. आम्ही लॅबमध्ये क्यूएलव्हीला क्यूआरएसने भागूनही बघतो, ०.७ च्या वर आलं की समाधान वाटतं. शिरांमधलं थ्री-डी मॅपिंग हे त्याच्याच पुढचं पाऊल. आणि बाहेरून करायचं एक मॅपिंग आहे, अंगात जॅकेट घालतात, त्यात २५२ इलेक्ट्रोड, मग सीटी स्कॅन, आणि दोन्ही जुळवून हृदयाच्या पृष्ठभागावर करंट कसा पसरतो त्याचा नकाशा मिळतो, सुईसुद्धा न टोचता. बोर्दोच्या टीमने २०१३ मध्ये दाखवलं की उजव्या-डाव्या कप्प्यांच्या सरासरी वेळेत ५० मिलिसेकंदांहून जास्त फरक असेल तर सीआरटीचा फायदा होण्याची शक्यता साध्या ईसीजीपेक्षा यातून चांगली ओळखता येते. हे मोजक्या केंद्रांत आहे, आईंसाठी ते शोधत फिरायची गरज मला दिसत नाही.

विजेबरोबर स्नायूही बघावा लागतो. एखाद्याला अटॅक येऊन गेला असेल तर मेलेल्या भागात, स्कारमध्ये, लीड ठेवून उपयोग नाही, तिथे उशीर भरपूर दिसेल पण स्नायूच नाही तर उठवायचं कुणाला. त्यासाठी आधी एमआरआय. आईंना ब्लॉक नाहीत तरी या आजारात स्नायूत मध्येमध्ये व्रण असू शकतात, म्हणून एमआरआय झाला असेल तर तो घेऊन जा, झाला नसेल तर लागेल का विचारा, किडनीचा आकडा सांगून. इकोवरून उशिरा आकुंचन पावणारी आणि व्रण नसलेली जागा शोधून लीड तिथे नेण्याचा अभ्यासही झालाय, २०१२ चा टार्गेट, २२० पेशंट, नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्क्यांना फायदा आणि जागा शोधून ठेवली तेव्हा ७० टक्क्यांना.

पण एक खरं सांगायला हवं. नकाशावर जांभळा डाग कितीही छान दिसला तरी तिथे शीर नसेल, किंवा असून केसासारखी बारीक असेल, तर लीड जात नाही. शिरा देवाने दिल्यात तशाच असतात. अशा वेळी हल्ली दुसरा रस्ता असतो, लीड पडद्यातून आत स्क्रू करून थेट डाव्या बंडलच्या, म्हणजे हृदयातल्या करंट नेणाऱ्या मूळ वायरच्या, भागात पेस करायचं, म्हणजे तिथून ठोके द्यायचे, २०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोऊच्या हुआंग यांनी हे दाखवल्यापासून जगभर पसरलंय आणि आपल्याकडेही खूप जण करतात. त्यात मूळ वायरिंगलाच पुढून पकडतात. म्हणून डॉक्टरांना विचारा की शीर चांगली मिळाली नाही तर पुढचा बेत काय. ज्यांनी विचार केलाय ते लगेच सांगतील.

सोलापूरची_मावशी

मला तीन वर्षं झाली सीआरटी बसवून, वय ५८. डॉक्टरांनी मोठं मोठं सगळं सांगितलंच आहे, मी एकच सांगते जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डाव्या कुशीवर झोपले की पोटात बरगडीखाली टकटक उडायला लागलं, उचकीसारखं पण उचकी नाही, प्रत्येक ठोक्याला. मी इतकी घाबरले की देवापाशी दिवा लावून बसून राहिले रात्रभर. सकाळी गेलो तर म्हणाले डायफ्रामची नस लीडच्या जवळून जाते, तिला करंट लागतोय. माझ्या लीडला चार पॉइंट आहेत, त्यांनी बाहेरूनच कॉम्प्युटरवर दुसरा पॉइंट निवडला आणि पाच मिनिटांत थांबलं, परत कापावं लागलं नाही. तुमच्या आईला आधीच सांगून ठेवा की असं झालं तर घाबरायचं नाही आणि अंगावरही काढायचं नाही, लगेच दाखवायचं. आणि लीड चार पॉइंटचीच आहे ना ते विचारा.

डावा हात महिना-दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही. मला वेणी माझी मुलगी घालून द्यायची. बालवाडीच्या बाई आहेत म्हणजे स्वस्थ बसवणार नाही त्यांना, लक्ष ठेवा.

कॅथलॅब_१४वर्षं

मावशींनी फार कामाचं लिहिलं. लॅबमध्ये आम्ही लीड पक्की करायच्या आधी १० व्होल्टने पेस करून बघतो आणि पेशंटला सांगतो खोल श्वास घ्या, खोका. पोटावर हात ठेवला की टकटक लगेच हाताला कळते. कधी कधी सगळ्यात छान क्यूएलव्ही जिथे येतो तिथेच नस असते, तेव्हा पॉइंट बदलायचा किंवा फांदी. झोपवल्यावर नाही उडालं तरी घरी कुशीवर उडू शकतं, त्यामुळे मावशी म्हणतात तसं सांगून ठेवा.

अजून एक राहिलं होतं. लीड उत्तम जागी आहे पण मशीनला पेस करायलाच मिळत नसेल तर काय उपयोग. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असेल किंवा मध्येमध्ये जास्तीचे ठोके पडत असतील तर हृदय मशीनच्या आधी स्वतःच धडधडतं. चेकिंगला गेलात की विचारायचं, दोन्ही बाजूंचं पेसिंग किती टक्के. ९८ च्या वर हवं. ८५ सांगितलं आणि 'ठीक आहे' म्हणाले तर का कमी आहे ते विचारून मगच उठा. आणि ताई, क्यूएलव्ही किती आला ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतोय.

कृष्णाकाठची

पाच महिन्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये सगळी धावपळच होती.

तुमचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं आणि परत त्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी वही उघडून बसले. शीर नाही मिळाली तर काय विचारलं, तर त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, आधी शिरेतून बघू, नाही जमलं तर त्याच टेबलावर डाव्या बंडलचा प्रयत्न करू. एमआरआय केला नाही, किडनी आणि इको बघून म्हणाले की आईच्या केसमध्ये त्याने निर्णय बदलणार नाही. क्रिएटिनिनसाठी आदल्या रात्रीपासून सलाईन हळू लावलं, डाय कमीत कमी वापरला, चौथ्या दिवशी परत १.५ च आलं. पैसे जास्त गेले ते लपवत नाही, पण एस्टिमेट आधी लेखी होतं आणि भाऊजींनी स्वतः बसून हिशोब बघितला, नंतर तेच मला म्हणाले बरं झालं ऐकलं नाहीस माझं.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीन दाखवली. पडदा लाल-केशरी, मग पिवळा-हिरवा, आणि मागच्या बाजूला वरती जांभळा पट्टा. दोन फांद्या होत्या. बाजूच्या फांदीत, जिथे एरवी लीड गेली असती असं ते म्हणाले, तिथे क्यूएलव्ही ८८ आला. मागच्या-बाजूच्या फांदीत १२१. दोन्ही फांद्यांत अंतर किती तर त्यांनी अंगठा आणि तर्जनी थोडीशी उघडून दाखवली. मी तेवढ्याच अंतराचं इथे विचारलं होतं, काय बिघडतं म्हणून.

हार्टडॉक सर, तुमच्या हिशोबाने १२१ भागिले १६४ मी घरी येऊन केलं, ०.७४ आलं. नवीन ईसीजीत क्यूआरएस १३०, मी चौकोन मोजले, सव्वातीन. दोन्ही एक्स-रे फाईलला लावलेत. टकटक झाली आईला, एकदाच, दहाव्या दिवशी, पण मावशींमुळे ती घाबरली नाही, मलाच म्हणाली फोन कर, पॉइंट बदलायला सांग. तिसऱ्या महिन्यात इको केला, ईएफ ३९. पेसिंग ९९ टक्के.

आणि दूध ती रोज आणते. मी गेल्या आठवड्यात कराडला होते तेव्हा गॅलरीतून बघत उभी राहिले. खांबापाशी थांबली नाही. गेटपाशी थांबली, पण शेजारच्या काकू भेटल्या म्हणून, पिशवी हातात धरून दहा मिनिटं उभ्याउभ्या बोलत होती.

पुढचं चेकिंग दिवाळीनंतर आहे, तेव्हाचा इको आणि पेसिंगचा टक्का इथेच लिहीन.